पट्टीची मागची बाजू

‘तेलकट चेहऱ्यासाठी एखादं व्हिटॅमिन द्या’ असं मेडिकलच्या काउंटरवर म्हटलं, की पाच मिनिटांत हातात तीन-चार पट्ट्या पडतात. जिंक घातलेलं बी-कॉम्प्लेक्स, ‘त्वचा, केस, नखं’ असं लिहिलेली बायोटिनची गोळी, व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल, वर चघळायची नारिंगी सी. पुढच्या बाजूला नाव मोठं आणि चकचकीत. कामाची माहिती मागे, रुपेरी फॉइलवर, इतक्या बारीक अक्षरात की पट्टी उजेडात तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाही. त्यातून पाचच गोळ्या कापून घेतल्या, तर अर्धा मजकूर दुकानातच राहतो. पट्टी पूर्ण घ्यावी, नाहीतर तिथेच फोनवर मागच्या बाजूचा फोटो काढून घ्यावा. व्हिटॅमिनचा मुरमांना उपयोग होणार की अपाय, हे तिथे लिहिलेल्या तीन गोष्टींवर ठरतं: काय, किती आणि कुठल्या रूपात.

आधी तेलाचं. चेहरा, छाती आणि पाठ इथे केसाच्या मुळांना तेलाच्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्यांनी किती तेल सोडायचं हे मुख्यतः अँड्रोजन संप्रेरकं ठरवतात. ती मुलांमध्ये असतात तशी मुलींमध्येही असतात, वयात येताना वाढतात, आणि काही घराण्यांत ग्रंथीच त्यांना जास्त जोराने प्रतिसाद देतात. आईवडिलांपैकी एकाचे तरुणपणीचे फोटो पाहिले तर बरंचसं कोडं सुटतं. नेहमीच्या मात्रेतलं कुठलंही व्हिटॅमिन ही ग्रंथी लहान करत नाही. त्यामुळे ‘तेल कमी करणारी गोळी’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्याकडून ती अपेक्षाच चुकीची आहे.

मुरूम होतो तो नुसत्या तेलाने नव्हे. केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी एकमेकींना चिकटून बूच बसतं, मागे तेल तुंबतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवरचाच जिवाणू वाढतो आणि शरीर त्याच्यावर सूज आणतं. बूच उघडं असेल तर वरचा भाग काळा पडतो. तो काळेपणा मळाचा नाही, त्यामुळे घासून जात नाही. यातली लक्षात ठेवायची गोष्ट काळाची आहे. आज आरशात दिसलेल्या मुरमाची तयारी आत साधारण दोन महिने चाललेली असते. म्हणून दहा दिवस गोळी घेऊन ‘फरक पडला’ किंवा ‘काहीच झालं नाही’ म्हणणं, दोन्ही घाईचं. आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय कुठल्याच उपायाचा निकाल लावता येत नाही.

व्हिटॅमिन ए हे या विषयातलं सगळ्यात ताकदवान नाव, आणि सगळ्यात धोक्याचंही. नळीतल्या पेशी नीट सुटून बाहेर पडाव्यात यासाठी ते लागतं हे खरं. जुन्या काळी डॉक्टरांनी मुरमांवर ते पोटातून देऊन पाहिलं होतं, पण गुण दिसायला रोज ३ लाख ते ५ लाख युनिट द्यावे लागत. ही मात्रा विषारी आहे. मोठ्या माणसाने रोज घेण्याची सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० युनिट आहे. याच घराण्यातलं आयसोट्रेटिनोइन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि ग्रंथी खरोखर आक्रसवणारं पोटात घ्यायचं औषध हाती आलं. ते औषध आहे, पूरक आहार नव्हे. गरोदरपणात ते बाळाला गंभीर व्यंग आणतं, लिव्हर आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या करत घ्यावं लागतं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागूही नये.

आता मेडिकलमध्ये मिळणारी ए ची कॅप्सूल पाहा. तिच्यात २५,००० युनिट असतात, काहींत ५०,०००. अंगणवाडीत मुलांना तोंडात पाजतात तो ए चा डोस वर्षाच्या पुढच्या मुलाला २ लाख युनिटचा असतो, पण तो सहा महिन्यांतून एकदा. २५,००० ची कॅप्सूल रोज घेतली तर सहा महिन्यांत ४५ लाख युनिट पोटात जातात. ए पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जात नाही, ते लिव्हरमध्ये साठतं. ओठ फुटणं, डोकं दुखणं, केस गळणं, हाडं दुखणं ही जास्त झाल्याची लक्षणं, आणि गंमत नव्हे तर दुर्दैव असं की केस गळू लागले म्हणून माणूस आणखी एक मल्टिव्हिटॅमिन सुरू करतो. त्यातही ए असतं. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलमध्येही असतं. आयसोट्रेटिनोइन चालू असताना यातलं काहीही वरून घेऊ नये, आणि दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने रोज १०,००० युनिटच्या वर जाऊच नये. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला भरपूर खाल्ला तर भीती नाही. त्यातलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच ए मध्ये बदलतं. फार झालं तर तळहात पिवळसर दिसतात.

ए चा उपयोग मुरमांवर करायचाच तर तो बाहेरून करावा, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. अडॅपलीन हे ए च्याच घराण्यातलं लावायचं औषध; त्याचं ०.१ टक्का जेल नळीतल्या पेशी सुटायला मदत करतं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि मटाराच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्यावर पसरायचं, फक्त मुरमावर नव्हे, कारण पुढचं बूच कुठे बसतंय हे दिसत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सुरुवातीला कोरडेपणा, सोलवटणं, कधी दोन-चार मुरूम जास्तच. इथेच बहुतेक लोक सोडून देतात. गरोदरपणात हेही लावायचं नाही.

पोटातून घेण्याच्या गोष्टींमध्ये थोडाफार आधार असलेली एकच आहे, ती म्हणजे जिंक. ते सूज कमी करतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ३३२ रुग्णांना तीन महिने रोज ३० मिलिग्रॅम जिंक किंवा १०० मिलिग्रॅम मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. मिनोसायक्लिन गटात सुमारे ६३ टक्के लोकांना चांगला गुण आला, जिंकच्या गटात सुमारे ३१ टक्के. म्हणजे जिंकने काही जणांना फायदा होतो, पण औषधाच्या निम्मा. लाल, सुजलेले मुरूम असतील तर त्याचा विचार करावा. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी त्याचा भरवसा धरू नये.

घोळ होतो तो आकड्यात. पट्टीवर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा जिंकचं नसतं, त्याच्या क्षाराचं असतं. जिंक ग्लुकोनेटमध्ये खरं जिंक साधारण १४ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम ७ मिलिग्रॅम. उलट ‘जिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम’ असं लिहिलं असेल तर त्यात सुमारे २२.५ मिलिग्रॅम. जुन्या २२० मिलिग्रॅमच्या जिंक सल्फेट कॅप्सूलमध्ये तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या ४० मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्याही वर. ‘एलिमेंटल जिंक’ हे शब्द शोधायचे आणि त्यापुढचाच आकडा मोजायचा. दोन वेगवेगळ्या गोळ्यांत जिंक असेल तर बेरीज करायची. एवढी बेरीज फार थोडे लोक करतात.

जिंक रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, क्वचित उलटी होते. सकाळी चहासोबत घेतलेली गोळी तासाभरात पोट ढवळून काढते आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टी ड्रॉवरमध्ये पडून राहते. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. जेवणातल्या फायटेटमुळे, म्हणजे धान्याच्या आणि डाळींच्या सालाजवळच्या घटकामुळे, थोडं जिंक अडतं; पण मळमळून गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. लोहाची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर दोघांत किमान दोन-तीन तासांचं अंतर हवं, कारण जिंक त्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं आणि दोन्हींचा उपयोग कमी होतो. (डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये. अन्ननलिकेत अडकलेली ती कॅप्सूल फार वाईट भाजते.) आणि तीन महिन्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने जिंक चालू ठेवू नये. जास्त दिवस जास्त जिंक घेतल्याने शरीरातलं तांबं कमी होतं. त्यातून रक्तक्षय, पांढऱ्या पेशी घटणं, हातापायांना मुंग्या येणं इथपर्यंत जाऊ शकतं.

फायटेटचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. ज्वारी, बाजरी, डाळी यांत जिंक असतंच, फक्त अडकून असतं. मटकी आठ-दहा तास भिजवून, निथळून, फडक्यात बांधून मोड आणले की फायटेट घटतं आणि जिंक सुटं होतं. पीठ आंबवल्यानेही तेच होतं. उसळ आणि आंबील यांना त्वचेच्या जाहिरातीत कधी जागा मिळणार नाही, पण शाकाहारी माणसाच्या जिंकचा खरा हिशेब तिथेच आहे. तीळ, भोपळ्याच्या बिया, दही, अंडी, तिसऱ्या आणि इतर शिंपले यांतूनही ते मिळतं.

आता व्हिटॅमिन बी-१२, ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. हे मुरूम घालवत नाही. काही जणांत ते मुरूम आणतं. चित्र अगदी ठरावीक असतं. ज्याची त्वचा बऱ्यापैकी शांत होती, त्याला बी-१२ ची इंजेक्शनं किंवा १,५०० मायक्रोग्रॅम मेथिलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ च्याच एका रूपाची, गोळी सुरू होते, आणि काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत कपाळ, गाल, हनुवटी, कधी छाती आणि पाठ यांवर एकदम पुरळ उठतो. जवळून पाहिलं तर वेगळेपण दिसतं. साध्या मुरमांत लहान-मोठं सगळं मिसळलेलं असतं: एखादा काळा ठिपका, एखादा पांढरा दाणा, एखादा पिकलेला फोड. इथे मात्र मोहरीएवढे लालसर दाणे, सगळे एकाच मापाचे, एकाच दिवशी उगवल्यासारखे. काळे ठिपके जवळपास नाहीतच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं एक कारण पुढे आलं: बी-१२ घेतल्यावर त्वचेवरच्या त्याच जिवाणूच्या जनुकांचं काम बदलतं, आणि तो पॉर्फिरिन नावाची सूज आणणारी द्रव्यं जास्त बनवू शकतो. सगळ्यांना असं होत नाही. त्या अभ्यासातल्या दहा निरोगी माणसांपैकी एकालाच मुरूम आले.

रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि गोळी १,५०० ची, म्हणजे सुमारे सहाशे पट. एवढी मोठी गोळी बनवण्यामागे कारण आहे. नेहमीच्या वाटेने एका वेळी फार थोडं बी-१२ शोषलं जातं, आणि ती वाट बंद असलेल्या माणसात मोठ्या डोसातलं एक टक्क्याच्या आसपास झिरपून रक्तात जातं. खरी कमतरता असेल तर ही गोळी आवश्यकच आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं, आणि त्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान चेहऱ्यावरच्या पुरळापेक्षा कितीतरी गंभीर. म्हणून हे वाचून कुणी बी-१२ परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना पुरळ दाखवावा, कधी सुरू झाला ते तारखेनिशी सांगावं, आणि डोस कमी करता येईल का हे विचारावं. कमतरता नसताना ‘शक्ती येते’ म्हणून घेत असाल तर मात्र बंद केल्यावर हा पुरळ बहुधा काही आठवड्यांत मावळतो. बी-६ च्या मोठ्या मात्रेनेही असाच पुरळ उठल्याची उदाहरणं आहेत. बी-१२, बी-६ आणि आयोडीन, तिन्ही गोष्टी जिमच्या पावडरींत आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत सापडतात. आयोडीनही जास्त झालं की मुरमांसारखे फोड आणतं. व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठ भरून मुरूम येणारी मुलं घामाला दोष देतात. आधी डब्याचं लेबल वाचावं.

बायोटिनबद्दल थोडक्यात: रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम, गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची, म्हणजे शंभराहून जास्त पट, आणि मुरमांवर उपयोग होतो याचा चांगला पुरावा नाही. अपाय वेगळ्याच दिशेने येतो. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांच्या यंत्रणेत बायोटिनचाच चिकटपणा वापरलेला असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे खोटे येतात. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच कमी आणि टी-४ जास्त दिसून थायरॉइडचं काम वाढल्याचा भास होतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात तो ट्रोपोनिन खोटाच कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. मुरूम आणि पाळीची अनियमितता म्हणून थायरॉइड आणि हार्मोन्स तपासायला निघालेल्या मुली बहुधा बायोटिनही घेत असतात, ही मोठीच अडचण. तपासणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवावं आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

बी-५ ची कथा हाँगकाँगहून आली. १९९५ साली तिथल्या एका डॉक्टरांनी रोज १० ग्रॅम पँटोथेनिक ॲसिड, म्हणजे बी-५च, देऊन १०० जणांचे मुरूम बरे झाल्याचं लिहिलं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. गरज ५ मिलिग्रॅमची. १० ग्रॅम म्हणजे दोन हजार पट, आणि त्याने जुलाब होऊ शकतात. त्यापेक्षा बी-३ चं नायसिनामाइड जास्त कामाचं, पण तेही लावायला. १९९५ च्याच एका चाचणीत ४ टक्के नायसिनामाइड जेल आठ आठवडे दिवसातून दोनदा लावल्यावर क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकच्या १ टक्का जेलच्या तोडीस तोड उतरलं. दुकानात ‘नायसिन’ मागू नये. ती वेगळी गोळी आहे, आणि तिने चेहरा-मान लालबुंद होऊन आग होते.

आता ती हिरवी कॅप्सूल. टाचणीने टोचून तिच्यातलं तेल चेहऱ्यावर चोळण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. बोटावर घेऊन पाहा: मधासारखं दाट, ओढलं की तार येईल असं, धुतलं तरी लवकर न निघणारं. तेलकट त्वचेवर रात्रभर हा थर म्हणजे बुचावर आणखी लेप. काहींना त्याची ॲलर्जी होऊन खाजरी लाल पुरळ येते. शिवाय व्हिटॅमिन ई त्वचेवर पोहोचतं ते तेलग्रंथींच्याच तेलातून. तेलकट चेहऱ्याकडे तो पुरवठा आधीपासून असतो. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपल्यावर कपाळाच्या कडेने बारीक दाणे येतात, तेही याच जातीचं. तेल धुण्याआधी तासभर लावावं, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा तरी बदलावा.

डी ची साठ हजार युनिटची पुडी तपासणीत कमतरता निघाली तर आठवड्यातून एकदा, दूध किंवा जेवणासोबत, ठरलेल्या आठवड्यांपुरती. ती चुकून रोज घेणारी माणसं रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात पोहोचतात. मुरमांसाठी म्हणून ती सुरू करू नये. सी च्या गोळीने मुरूम जात नाहीत, आणि मुरमांनंतरच्या काळपट डागांवर सनस्क्रीनचा उपयोग तिच्यापेक्षा जास्त.

मग करायचं काय? काहीही सुरू करण्याआधी सध्या पोटात जाणाऱ्या सगळ्या गोळ्या, पावडरी, कॅप्सूल टेबलावर काढाव्यात आणि एका कागदावर ए, जिंक, बी-६, बी-१२, बायोटिन आणि आयोडीन यांची बेरीज मांडावी. पट्टीवर किंवा डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक असेल तर तो पूरक आहार. त्याने आजार बरा करण्याचा दावा करणंच अपेक्षित नाही. दोन ठिकाणी आलेलं एका ठिकाणी करावं. त्यानंतर एका वेळी एकच बदल. जिंक आणि नवीन फेसवॉश एकाच दिवशी सुरू केले, तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. दर दोन आठवड्यांनी सकाळी त्याच खिडकीशी, फिल्टरशिवाय, समोरून आणि दोन्ही गालांचे फोटो. बारा आठवड्यांत फरक दिसला नाही तर जिंक थांबवावं. डोस वाढवू नये.

काही वेळा बारा आठवडे थांबणंच चूक ठरतं. दुखणाऱ्या खोल गाठी, खड्डे पडू लागलेले डाग, पाळी चुकणं, हनुवटीवर राठ केस, अचानक पंचविशीनंतर उसळलेले मुरूम यांत गोळ्यांचे प्रयोग करण्यात जे महिने जातात त्यांची खूण चेहऱ्यावर कायमची राहू शकते. पावसाळी दमटपणात केसांच्या कडेने आणि पाठीवर उठलेले, सगळे एकसारखे आणि खाजणारे दाणे तर कित्येकदा मुरूम नसतातच. ती बुरशी असते आणि तिचं औषध निराळं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना गोळ्या संपल्या असल्या तरी रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, गोरं करणारं किंवा ‘पटकन बसवणारं’ म्हणून कुणी दिलेलं मलमही न्यावं, कारण त्यात स्टेरॉइड असू शकतं. प्रोटीनचा डबा जड असतो, त्याच्या लेबलचा फोटो चालेल.